गर्दीने आणलेला विश्वास

दृढीकरण झालेली, म्हणजे चर्चमध्ये आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने जाहीर केलेली, ख्रिस्ती मुले बारावीनंतर शहरात शिकायला जातात आणि दोन-तीन वर्षांत मंडळीतून, म्हणजे चर्चच्या समुदायातून, दिसेनाशी होतात, ही तक्रार आता मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकींत, पालकांच्या गप्पांत आणि उपासनेनंतरच्या चहाच्या वेळी सर्रास ऐकू येते. तक्रार खरी आहे. पण तिच्यावरची चर्चा इतकी ढोबळ असते की तीतून एकाही तरुणाच्या हाती काही लागेल असे वाटत नाही. एका बाजूला वडीलधारी माणसे आहेत. त्यांच्या मते दोष संगतीचा, मोबाइलचा आणि होस्टेलचा. उपाय म्हणजे मुलांना जमेल तितके ‘बाहेरच्यां’पासून लांब ठेवणे, शिबिरे वाढवणे आणि अधूनमधून तंबी देणे. दुसऱ्या बाजूला शहरात स्थिरावलेले सुशिक्षित ख्रिस्ती पालक आणि काही तरुण आहेत. श्रद्धा ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, मुलांच्या मागे लागू नका, मोठी झाली की त्यांचे ती ठरवतील, असे त्यांचे म्हणणे. पहिल्यांना दुसरे कोमट वाटतात, दुसऱ्यांना पहिले बुरसटलेले वाटतात, आणि ज्याच्याविषयी हे सगळे चालले आहे तो मुलगा खालमानेने मोबाइल बघत बसलेला असतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. सोबत्यांच्या दबावावर आपण एवढे बोलतो; पण आपला आक्षेप मुळात दबावाला नसून परक्यांच्या दबावाला असतो. आपलेच माणूस दबाव आणते तेव्हा त्याला आपण संस्कार म्हणतो, उत्साह म्हणतो, कधी पवित्र आत्म्याचे कार्यही म्हणतो. ज्या मुलाला एका गर्दीने हात वर करायला लावले, त्याला दुसरी गर्दी तो हात खाली घ्यायला लावणार, यात नवल कसले? तरुणांनी विश्वासात टिकावे असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी दबावाला प्रतिदबावाने उत्तर देणे सोडून दिले पाहिजे. मुलाला आपल्या श्रद्धेची कारणे ठाऊक असणे, कोणत्या गोष्टीत मान तुकवायची नाही आणि कोणत्या गोष्टीत खुशाल मिसळायचे याचा विवेक असणे, आणि त्या ठिकाणी निदान एक तरी सोबती असणे, या तीन गोष्टींवर निष्ठा उभी राहते. या तिन्ही गोष्टी देण्यात आपण कमी पडतो.

वडीलधाऱ्यांची भीती फाजील आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. सोळा ते बावीस या वयात सोबत्यांच्या मताला जे वजन असते ते पुढे सहसा कधी येत नाही. प्राचीन ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीनसारखा कुशाग्र बुद्धीचा माणूस आपल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी केलेल्या एका क्षुल्लक चोरीवर पानेच्या पाने खर्च करतो. रात्री टोळक्याबरोबर जाऊन त्याने कोणाचे तरी नाशपतीचे झाड झोडपले आणि बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. मग चोरी केली कशासाठी? एकटा असतो तर केली नसती, एवढेच उत्तर त्याला सापडते. आणि ‘चला, करू या’ असे कोणी म्हटले की निर्लज्ज नसल्याचीच लाज वाटू लागते, हे त्याचे निरीक्षण आजच्या कोणत्याही होस्टेलच्या गच्चीला जसेच्या तसे लागू पडते. ज्या आईबापांनी मुलाला पहिल्यांदा परगावी ठेवले आहे, त्यांना रात्री झोप लागत नसेल तर त्यांना हसण्यात अर्थ नाही.

पण या भीतीच्या समर्थनार्थ जे वचन हटकून पुढे केले जाते, ते पाहा: ‘कुसंगतीने नीती बिघडते.’ बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीस, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात ते आहे. संडे स्कूलच्या फळ्यावर ते असते, शिबिराच्या बॅनरवर असते, आणि त्याचा अर्थ सरसकट ‘बिगरख्रिस्ती मित्र नकोत’ असा लावला जातो. हे वाक्य मूळचे पौलाचे नाही. मेनांदर नावाच्या ग्रीक नाटककाराच्या एका सुखात्मिकेतले ते मानले जाते. म्हणजे बाहेरच्यांपासून सावध राहा हे सांगण्यासाठी आपण जे वाक्य वापरतो ते बाहेरच्याच एका माणसाचे, तेही रंगभूमीवरचे, आणि ते पौलाला तोंडपाठ होते. याहून महत्त्वाचे असे की हा सगळा अध्याय मेलेल्यांच्या पुनरुत्थानाविषयी आहे. पुनरुत्थान नाही असे म्हणणारे लोक करिंथच्या मंडळीच्या आतच होते आणि पौलाचा इशारा त्यांच्या संगतीविषयी आहे. बाहेरच्यांविषयी त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो स्वच्छ सांगतो की जगातल्या लोकांशी संबंधच ठेवू नका असे मला म्हणायचे नव्हते. तसे करायचे झाले तर तुम्हाला जगच सोडून जावे लागेल. तो पाचवा अध्याय आपल्या बॅनरवर कधी का येत नाही?

यावर एक वजनदार उत्तर आहे, आणि ते इतिहासातून येते. आपल्याकडे ख्रिस्ती विश्वास टिकला तोच मुळी वेगळे राहण्याने, असे म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर, जात, पाणवठा, वारसा सगळ्याला मुकावे लागे. त्याला मिशनच्या आवाराने आसरा दिला, बोर्डिंगांनी त्याच्या मुलांना शिकवले, केडगावच्या मुक्ती मिशनने निराधार मुलींना उभे केले. त्या भिंती नसत्या तर पुष्कळ माणसे पहिल्याच वर्षी माघारी गेली असती. हे सगळे मला मान्य आहे. तरीही त्या आवारातच राहिलेल्या नारायण वामन टिळकांना त्यातले न्यून दिसले होते, हे विसरता येत नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला गेला आणि त्याने ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोघेही ख्रिस्ताचे म्हणून एकत्र येऊ शकत होते. त्यांच्या त्या प्रयोगाला दोन वर्षांचेच आयुष्य लाभले आणि त्याच्या यशापयशावर वाद घालता येईल. पण कुंपणात वाढलेली श्रद्धा कुंपणाबाहेर लुळी पडते, हे त्यांचे दुखणे खोटे नव्हते. आणि आता तर कुंपणच उरलेले नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे शंभरात एकाहूनही किंचित कमी. त्यातही मोठा वाटा मुंबई आणि वसईच्या पट्ट्यातला. नगर किंवा जालना जिल्ह्यातल्या गावातून पुण्यात इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा आपल्या वर्गात बहुधा एकटाच ख्रिस्ती असतो. त्याला वेगळे राहायला सांगणे म्हणजे एकटे राहायला सांगणे होय, आणि एकटा माणूस सर्वांत आधी वाकतो.

मग शिबिरे वाढवावीत का? शिबिरांना माझा विरोध नाही. गावाकडच्या मुलांना आपल्यासारखी आणखी शंभर मुले आहेत हे तिथेच पहिल्यांदा कळते, आणि त्या आनंदाची किंमत कमी नाही. पण शेवटच्या रात्री काय होते ते आपण सारे जाणतो. दिवे मंद होतात, की-बोर्डवर तेच चार स्वर घोळत राहतात, वक्ते डोळे मिटायला सांगतात आणि मग, ‘ज्यांना आज प्रभूला जीवन द्यायचे आहे त्यांनी हात वर करावेत.’ पहिला हात वर जातो, मग पाच, मग पन्नास. आणि जो हात वर करत नाही त्याच्या खांद्यावर मागून कोणीतरी हळूच हात ठेवते. त्या पन्नासांतले कितीतरी हात मनापासून वर गेलेले असतात. पण बाकीचे शेजारच्याकडे किलकिल्या डोळ्यांनी बघून वर गेलेले असतात, आणि ते आपल्यालाही ठाऊक असते. हा सोबत्यांचा दबाव नव्हे तर काय आहे? त्याच शिबिरात प्रश्नपेटीही असते. मी पाहिलेल्या एका पेटीत वहीच्या कागदाच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या: रूममेट म्हणतो देव नाही, त्याला काय सांगू; मित्राच्या घरचा प्रसाद खाल्ला तर पाप लागते का; आईबाबा घरात भांडतात आणि चर्चमध्ये उभे राहून श्रद्धेची साक्ष देतात, मी काय समजू. वक्त्यांनी चिठ्ठ्या भराभर वाचल्या आणि प्रत्येकीचे उत्तर थोड्याफार फरकाने ‘प्रार्थना करा, वचन वाचा’ असे दिले. हात वर करण्याला पाऊण तास आणि प्रश्नांना वीस मिनिटे! पुढच्या जूनमध्ये ती मुले होस्टेलवर गेली तेव्हा त्यांच्याबरोबर काय गेले असेल? त्या रात्रीची आठवण गेली असेल. उत्तर एकाही प्रश्नाचे नाही.

गर्दी माणसाला कशी वाकवते याचा एक गाजलेला प्रयोग आहे. सॉलोमन अ‍ॅश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास काही जणांना एका खोलीत बसवून साध्या रेघांची लांबी विचारली. एक सोडून बाकीचे सगळे त्याने आधीच पढवून ठेवलेले होते आणि ते ठरवून चुकीचे उत्तर देत. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही त्या बिचाऱ्या एकट्याची सुमारे एक-तृतीयांश उत्तरे गर्दीच्या बाजूने गेली. एवढेच सांगून लोक सहसा थांबतात. पण त्या प्रयोगाचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. त्या खोलीत बरोबर उत्तर देणारा आणखी फक्त एक माणूस बसवला की चुकीच्या उत्तरांचे प्रमाण घसरून आधीच्या जवळजवळ चौथाईवर येई. फक्त एक माणूस! तो विद्वान असावा लागत नव्हता, त्याने उपदेशही केला नव्हता. आता बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढून पाहा. आपण ‘दानीएलासारखे धैर्य’ म्हणतो आणि मुलासमोर एकट्या वीराचे चित्र उभे करतो. पण बाबेलला बंदी करून नेलेल्या यहूदी तरुणांत राजाच्या पंक्तीचे अन्न नको म्हणणारे चौघे होते. दानीएल, हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या. पुढे राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून आगीच्या भट्टीच्या तोंडाशी नेले तेव्हाही तिघे एकत्र उभे होते.

त्याच अध्यायातली दुसरी गोष्ट तर आपण पार नजरेआड करतो. या चौघांनी बाबेलमध्ये कशाकशाला होकार दिला याची यादी नकारापेक्षा कितीतरी मोठी आहे. खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा आणि विद्या ते शिकले, राजाच्या नोकरीची तयारी केली, बेल्टशस्सर, शद्रख, मेशख, अबेद्नगो अशी परक्या देवांचा वास असलेली नावेही त्यांनी सहन केली. एका ताटापाशी मात्र ते थांबले. तिथेही दानीएलाने भाषण ठोकले नाही. कारभाऱ्याला विनंती केली की दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा, मग आमचे चेहरे बघून ठरवा. ज्याला सगळ्याच गोष्टी नाकारायला शिकवले आहे त्याला हा विवेक कुठून येणार? सिनेमा नको, ढोल नको, फुगडी नको, जीन्स नको, मित्राच्या घरचे लाडू नकोत, असे सांगत वाढवलेला मुलगा पहिल्या वर्षी यातले एक बंधन मोडतो, आभाळ कोसळत नाही असे पाहतो, आणि मग ज्या दोन-तीन गोष्टींवर खरोखर सर्व काही अवलंबून आहे त्याही त्याच टोपलीत टाकून देतो. दोष निम्मा आपला असतो, कारण टोपली एकच आहे असे आपणच त्याला सांगितलेले असते.

प्रसादाचा प्रश्न याच जागी येतो, आणि आपल्या तरुणांना पडणारा तो सर्वांत रोजचा प्रश्न आहे. गणपती, नवरात्र, खंडेनवमीला वर्कशॉपमधली यंत्रपूजा, कंपनीतली सत्यनारायणाची पूजा. करिंथमध्ये मूर्तीपुढे वाहिलेल्या अन्नावरून हेच घडत होते, आणि पौलाचे उत्तर आपल्या पाळकांच्या एका वाक्यातल्या उत्तरांपेक्षा फार बारकाईचे आहे. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, हे तो आधी मान्य करतो. बाजारात विकले जाणारे मांस कुठून आले याची चौकशी न करता खा, म्हणतो. कोणी घरी जेवायला बोलावले तर पानात वाढलेले खा, म्हणतो; मात्र हे नैवेद्याचे आहे असे कोणी मुद्दाम सांगितले तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका. आणि प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याने देवळातल्या मेजावर पूजेचा भागीदार म्हणून बसू नये, इथे तो ठाम आहे. यावरून माझी समजूत अशी: मित्राच्या घरी गणपतीत जावे, त्याच्या आईने वाढलेले जेवावे, मंडळाच्या रक्तदान शिबिरात राबावे, विसर्जनाच्या गर्दीत दोरी धरायलाही उभे राहावे. आरतीचे ताट मात्र हाती घेऊ नये, कारण ती पूजा आहे. आणि ज्या पूजेवर आपला विश्वास नाही तिचा आव आणणे हा जितका ख्रिस्ताशी तितकाच त्या यजमानाशीही अप्रामाणिकपणा आहे. ही रेघ जरा इकडे वा जरा तिकडे असावी असे म्हणणारे असतील. वसईचा कॅथलिक तरुण आणि एखाद्या पेंटेकॉस्टल मंडळीतला तरुण ती सारख्याच ठिकाणी ओढणार नाहीत. ओढावी लागते, आणि का ओढली ते सांगता यावे लागते, एवढे तरी दोघांना शिकवायला हवे.

नाही म्हटले तर मित्र तुटतील, ही भीती खरी आहे काय? महाराष्ट्रात माळकरी माणसाकडे पाहावे. लग्नात, पार्टीत, पोरांच्या टोळक्यात कोणी मटणाचे पान पुढे केले तर तो ‘माळ आहे’ एवढे दोन शब्द बोलतो आणि विषय तिथे संपतो. त्याला कोणी कर्मठ म्हणत नाही, आग्रह करत नाही, उलट त्याच्यासाठी वेगळे पिठले टाकले जाते. असे का होते? कारण तो इतरांच्या पानाकडे नाक मुरडून पाहत नाही, आणि उद्या दुसऱ्या गावी तोच माणूस चोरून रस्सा ओरपताना दिसणार नाही याची सर्वांना खात्री असते. आपल्या मुलांची अडचण थोडी निराळी आहे. दारूचा ग्लास पुढे करताना त्यांना हमखास ऐकावे लागते, ‘तू ख्रिश्चन ना? मग तुमच्यात तर चालतं!’ जुन्या हिंदी सिनेमांनी रूढ केलेला हा समज आहे. पण आपल्या काही लग्नांच्या मांडवांनी त्याला हातभार लावलेला नाही असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल का? तिथे पोराच्या हातात पहिला पेला देणारा बहुधा कोणी मामा किंवा चुलतभाऊच असतो. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, त्याचा दाखला देऊन वाद घालता येतो, तो मला इथे घालायचा नाही. संगतीविषयी ओरड करणाऱ्यांनी आधी आपल्या मांडवातली संगत तपासावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. श्रद्धा लादता येत नाही, हे तिचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि आपल्याच इतिहासात त्याचे पुरावे आहेत. लक्ष्मीबाई टिळकांवर पतीच्या धर्मांतरानंतर काय कमी दडपण होते? माहेर एका बाजूला, पती दुसऱ्या बाजूला. त्या कोणाच्याही सांगण्याने ख्रिस्ती धर्मात आल्या नाहीत. काही वर्षे अडून राहिल्या, स्वतःच्या डोक्याने जातीपातीचा विचार करत गेल्या, आणि पटले तेव्हा आल्या. पुढे पतीच्या निधनानंतर त्याच बाईंनी त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे काव्य पुरे करायला घेतले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर ज्या ख्रिस्ती जोगिणींनी त्यांना आश्रय दिला होता त्यांच्याशीच त्या वाद घालत राहिल्या. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसऱ्याचे घेण्यासाठी नव्हे, असे त्यांनी बजावले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असेही विचारले. १८९३ साली, त्यांच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेत मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून, पुण्यातली बडी मंडळी त्यांच्यापासून दूर झाली तेव्हाही त्या डळमळल्या नाहीत. आपल्या लोकांच्या दबावाला न वाकण्याची ज्यांना सवय होती, त्याच परक्यांच्या दबावालाही वाकल्या नाहीत. या दोन गोष्टी एकाच कण्यातून येतात. मुलाने प्रश्न विचारला की त्याला ‘बंडखोर’ म्हणून गप्प बसवणाऱ्या पंचांनी हे ध्यानात घ्यावे.

मात्र यातून ‘मुलांना त्यांचे त्यांना ठरवू द्या’ हा निष्कर्ष निघत नाही. रमाबाईंना त्यांचे त्यांना ठरवता आले, कारण वडिलांनी आणि आईने त्यांना लहानपणीच शास्त्रे शिकवली होती, पुराणे मुखोद्गत करवली होती. नाकारण्यासाठी आणि स्वीकारण्यासाठी त्यांच्यापाशी काहीतरी होते. ज्याला घरात काहीच दिलेले नाही तो ठरवणार कशातून? आणि तुम्ही मागे लागला नाहीत म्हणून त्याच्या मागे कोणी लागत नाही, असे तुम्हाला खरेच वाटते काय? हातातला पडदा रोज दोन-तीन तास त्याला शिकवत असतो की काय हवेसे आहे, कोण हसण्याजोगा आहे, देह कशासाठी आहे आणि यश कशाला म्हणतात. तिथे कोणी ‘मोठा झाला की ठरवेल’ म्हणून थांबलेले नाही. सगळे बोलत असताना एकट्या आईबापांनी गप्प बसणे याला तटस्थता म्हणता येत नाही.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो सर्वांत नाजूक आहे. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या मुलाला निर्भीडपणे साक्ष दे म्हणणे सोपे; भोगावे त्याला लागते. अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत, संशयाचे वातावरण आहे, साध्या प्रार्थनासभेवरूनही कुरबुरी होतात. अशा वेळी एखादा मुलगा होस्टेलवर आपला धर्म सांगत फिरत नसेल तर त्याला, ‘मी येशूला ओळखत नाही’ म्हणणाऱ्या त्याच्या शिष्याच्या, पेत्राच्या ओळीत बसवणे क्रूरपणाचे होईल. हे मी मान्य करतो. न विचारता न सांगणे आणि विचारल्यावर नाकारणे यांत अंतर आहे. आपल्याकडे गायकवाड, शिंदे, साळवे, कांबळे ही आडनावे सर्व धर्मांत आहेत; कोणाला कळतही नाही आणि मुलगा चार वर्षे त्या आडोशाने काढू शकतो. पण असा आडोसा माणसाला आतून काय करतो? १८४९च्या सुमारास मुंबईत निघालेल्या परमहंस सभेची, जातिभेद मोडू पाहणाऱ्या त्या गुप्त मंडळाची, गोष्ट यासाठी आठवावी. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचाही बाप्तिस्म्यापूर्वी तिच्याशी संबंध आला होता. सभासद पाव खाऊन जात मोडत, पण बंद दाराआड. बाहेर सगळे रीतसर चालू. त्यांचे विचार काळाच्या पुढचे होते, माणसे बुद्धिमान होती. १८६०मध्ये सभासदांच्या नावांची वही बाहेर गेल्याचे कळले आणि सभा विरून गेली. उलट बेळगावच्या पदमनजींनी १८५४ साली उघडपणे बाप्तिस्मा घेतला, त्याची किंमत मोजली, आणि पुढे पन्नास वर्षे ते लिहीत राहिले. पेत्र तरी कोणासमोर कोसळला? शिपायांसमोर तो तलवार घेऊन उभा राहिला होता. शेकोटीभोवती बसलेल्या चार माणसांत, एका दासीच्या साध्या प्रश्नासमोर तो कोसळला. मुलांना ओरडून साक्ष द्यायला शिकवू नका. कोणी विचारलेच तर सौम्यपणे ‘हो, मी ख्रिस्ती आहे’ एवढे म्हणायला शिकवा. आणि पुढचा प्रश्न आला तर चार वाक्ये बोलता येतील इतके ज्ञान द्या.

एवढे करूनही काही जण घसरतील. त्यांचे काय करायचे, यावर आपली चर्चा जवळपास मुकी आहे. इसवी सन २५०मध्ये रोमन सम्राट डेशियसने साम्राज्यातल्या सर्वांनी देवांना बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र घ्यावे असा हुकूम काढला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या मंडळीतले असंख्य ख्रिस्ती रांगा लावून गेले. काहींनी बळी दिला. काहींनी दिला नाही, पण पैसे चारून खोटे प्रमाणपत्र मिळवले. वादळ ओसरल्यावर यांना परत घ्यायचे की नाही यावर मंडळी दुभंगायची वेळ आली. रोममधल्या नोवेशियनचे मत कडक होते: दार बंद. दुसरे टोक म्हणजे काही झालेच नाही अशा थाटात लगेच प्रभुभोजनाच्या पवित्र विधीला बसवणारे. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः त्या काळात लपून राहिला होता, म्हणून त्याच्यावरही टीका होत होती. त्याने आणि २५१च्या सभेतल्या बिशपांनी मधला, अवघड रस्ता धरला. प्रत्येकाची हकीकत वेगळी ऐकायची, पश्चात्तापाला वेळ द्यायचा, आणि दार उघडे ठेवायचे. हाच सिप्रियन सात वर्षांनी, २५८ साली, पळून न जाता तलवारीखाली गेला. एकदा मागे सरलेला माणूस पुढे उभा राहू शकतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आपण मात्र नाताळच्या सुट्टीत घरी आलेल्या मुलाला उपासनेच्या दारात पहिला प्रश्न विचारतो, ‘तिकडे चर्चला जातोस ना?’ तो ‘हो’ म्हणतो. आपल्यालाही बरे वाटते आणि त्यालाही सुटल्यासारखे वाटते. डेशियसच्या काळातल्या त्या विकतच्या प्रमाणपत्रापेक्षा या ‘हो’ची किंमत फार अधिक नसते. त्याऐवजी त्याचे मित्र कोण आहेत, रविवारी तो कुठे जेवतो, वर्गात त्याला कोणत्या प्रश्नाने अडवले, हे विचारले तर खरे उत्तर मिळण्याचा संभव आहे, मग ते ऐकायला कितीही अवघड असो. आणि ते उत्तर ऐकून लगेच प्रवचन सुरू न करण्याइतका संयम हवा, जो आपल्या पाळकांना आणि त्याहून आपल्या पंचांना अवघड जातो.

व्यवहाराची बाब म्हणून एक सुचवतो. दर जूनमध्ये अल्पसंख्याक कोट्यातील प्रवेशासाठी मुले बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचे पत्र घ्यायला येतात. पाळकसाहेब सहीशिक्का करतात, मुलगा सलाम करून निघून जातो, आणि तिथे संबंध संपतो. त्याच टेबलावर, त्याच वेळी, ज्या शहरात तो जाणार आहे तिथल्या एका मंडळीला दोन ओळी लिहाव्यात, आणि त्या मंडळीने महिन्यातून एका रविवारी त्याला जेवायला बोलावणारे एक घर ठरवावे. घर असे हवे की जिथे त्याच्या वयाचा कोणी असेल, आणि ‘मला आता हे सगळे पटत नाही’ असे तो जेवताना म्हणाला तरी यजमानांचा घास घशात अडकणार नाही. पुण्यामुंबईच्या मंडळ्यांनी अशा घरांची यादी मे महिन्यातच करून ठेवली, तर तिला शिबिराच्या खर्चाचा दहावा हिस्साही लागणार नाही.